न पाहिलेला गोल

"काका, डावा पाय होता," मंजिरी म्हणाली अन् तिनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

सकाळचे साडेसात झाले असतील. एप्रिलात आमच्या रायपूरच्या बुढापाऱ्यात साडेसातलेच ऊन टाळूवर येऊन बसते, म्हणून चहाच्या ठेल्यावर सगळे भिंतीच्या सावलीत सरकून उभे होते. मी गोल सांगत होतो. फेब्रुवारीतला, बीरगाववाल्यांवर मारलेला, ज्याच्यानं आमची बुढापारा इलेव्हन एकतीस वर्षांनी वरच्या डिव्हिजनमध्ये गेली, तो गोल. दोन महिन्यांपासून मी तोच सांगतो. दुधवाल्याले सांगितला, पोस्टमनले सांगितला, बायकोच्या माहेरी गोंदियाले फोन लावून सांगितला. गौतमनं बॉल घेतला, उजव्या पायावर सजवला, पंचवीस गजावरून मारला, कीपर उडला पण बॉल खांबाच्या आतून जाळीत गेला. इतकंच. पण सांगताना मी मधात थांबतो, चहाचा घोट घेतो, अन् समोरच्याचा घोट तसाच हातात राहते. ही मंजिरी पुण्याची पोरगी, नव्या रायपुरात कोण्या ऑफिसात आहे, राहते आमच्या गल्लीत भाड्यानं, अन् टीमच्या मागं आमच्यापेक्षा जास्त वेडी. तिनं त्या दिवशी व्हिडिओ काढला होता, हे मले माहीतच नव्हतं. "हे बघा ना काका. उजवा नाही. अन् खरं तर पाय पण नाही, गुडघ्याला लागून गेलाय."

मी पाह्यलं. मोबाइलची कड दिसली. तिचा अंगठा दिसला, त्याच्यावरचं निळं नेलपॉलिश अर्धं उडलेलं, तेही दिसलं. मधात, जिथं गोल होता, तिथं काही नव्हतं. ओल्या भिंतीवरचा चुना बोटानं पुसावा तसा एक डाग, अन् डागाच्या आत काहीतरी वळवळत होतं. "हव, डावाच," मी म्हटलं. "बुढा झालो ना बाई. पाय बदलून जातो माझा." सगळे हासले. देवदत्त, जो कलेक्टोरेटात बाबू होता अन् रिटायर झाल्यावरही बोलताना फाइल उघडल्यासारखा बोलते, तो म्हणाला, "म्हणजे एक गौतमचा गोल अन् एक नरहरीचा गोल. आपण दोन-शून्यनं जिंकलो." गौतम स्वतः तिथंच उभा होता, ड्यूटीवर जायच्या आधी चहा प्यायले येते तो. पोट्टा मान खाली घालून हासला. "काका वाला ही सही है. मेरे घुटने वाले में क्या रखा है?" मंजिरी म्हणाली, "नाही, मला वाटलं तुम्ही मुद्दाम सांगता तसं. मस्त वाटतं ऐकायला. पण व्हिडिओ पाहिला अन् म्हटलं विचारावं."

मुद्दाम. हा शब्द माझ्या मनात जाऊन बसला. दोन महिने सगळ्या मोहल्ल्याले माहीत होतं का गोल गुडघ्यानं झाला, अन् सगळे समजत होते का नरहरीकाका मसाला लावून राहिले. एकाच्याही डोक्यात आलं नाही का या बुढ्यानं गोल पाह्यलाच नसन. कसं येईल? पंधराव्या वर्षापासून मी त्या मैदानावर आहे. सेंटर हाफ खेळलो, नंतर लाइनीचा चुना टाकला, नंतर लाइनवर झेंडा धरला, आता नुसता उभा राहतो. मैदानाचे डोळे म्हणजे मी, असं लोकंच म्हणत.

मग त्यांचं बोलणं दुसऱ्या गोष्टीकडं गेलं, कारण दुसऱ्या दिवशी आमचा बोल होता. ही आमच्या टीमची जुनी रीत आहे. अक्ती, म्हणजे अक्षय तृतीया झाली, पोरींनी बाहुला-बाहुलीचं लग्न लावलं, का दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे मैदानावर जमतात. मधात बॉल ठेवतात. एकेकानं यायचं, बॉलवर हात ठेवायचा अन् येणाऱ्या सीझनमध्ये आपली टीम कितव्या नंबरावर राहील ते बोलायचं. खरं बोलायचं. पहिले असं नव्हतं, पहिले सगळे "पहिला, पहिला" म्हणून बोंबलत. त्र्याण्णवच्या वर्षी साठ माणसांनी हात ठेवून पहिला नंबर बोलला अन् आमची टीम शेवटची आली, खाली गेली, ते एकतीस वर्षं वर आली नाही. तेव्हापासून ठरलं का खरा आकडा बोलायचा, पोटातला. जो येऊ शकत नाही, त्यानं आपला आकडा दुसऱ्याजवळ पाठवायचा.

"दहा टीमा आहेत," देवदत्त म्हणाला. "दोन खाली जातात. म्हणजे आठवा नंबर आला तरी आपली दिवाळी. अठरा मॅचा, दर मॅचले एक पॉइंट पकडा. अठरा पॉइंट म्हणजे वाचलो."

"अठरा कुठून आणता?" मंजिरी. "भिलाईवाले दोनदा धुणार आपल्याला. जगदलपूरची पोरं नुसती पळतात, नव्वद मिनिटं. तिथं शून्यच धरा."

"घर पे तो कोई भी आए, देख लेंगे," गौतम म्हणाला. "बाहर का मत पूछो. आधी टीम शिफ्ट में रहती है. बिलासपुर जाएंगे तो नौ लोग जाएंगे."

"नऊ काहून? दहावा मी येतो," देवदत्त म्हणाला. "बॅकले उभा राहतो. माझ्या पोटाले लागून बॉल वापस जाईन."

"मेरी तो एकच मागणी आहे," चहावाली पद्मिनी गाळणी आपटत म्हणाली. तिचं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. "पाँच गोल से मत हारो. पाच गोलनं हारले का तुमी लोक चाय नाही पीत, नुसते बसून राहता. बेंच खाली नाही होत."

मी चहाचा गिलास खाली ठेवला. म्हटलं, आमच्या जुन्या कीपरचा, हिरालालचा आकडा आणायले जातो, अन् निघालो.

हिरालाल पुरानी बस्तीत राहते. पायी पंधरा मिनिटं, माझी आता पंचवीस. रस्त्याच्या कडेकडेनं चालतो मी. कड मले चांगली दिसते, नाली दिसते, स्कूटरचं चाक दिसते, मंदिराच्या पायरीवर कोणी चपला सोडल्या तेही दिसते. समोरून येणारा माणूस दिसत नाही. म्हणजे त्याची चप्पल दिसते, पिशवी दिसते, चेहऱ्याच्या जागी डाग. ज्याच्याकडं पाहावं तेच जाते. पहिल्यांदा समजलं तेव्हा नवरात्र होती. संध्याकाळी मैदानावर गेलो तर उत्तरेकडचा गोलपोस्ट वाकडा. मधातून वाकलेला, जसा कोणी ट्रक ठोकला. मी वॅगनच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं वेल्डिंग केलं, वाकडं लोखंड माझ्या डोळ्यातून सुटत नाही. चुना टाकणाऱ्याले शिव्या घातल्या, का बे, लाइनही वाकडी टाकली, खांबही वाकडा, दारू पिऊन आला का? तो म्हणे, "काका, सीधा है." घरी जाऊन ओळंबा आणला. दोरी लावली. दोरी खांबाले चिटकून सरळ खाली. मी दोरीकडं पाह्यलं, तर दोरीही वाकडी. लोंबणारी दोरी वाकडी कशी होईल? मग एक डोळा झाकला, मग दुसरा. ओळंबा हातात धरून किती वेळ तिथंच उभा राहिलो माहीत नाही. पोट्टे खेळत होते, कोणीतरी ओरडलं, "काका, हटो, बॉल लग जाएगा."

डॉक्टर म्हणाला, डोळ्यातला पडदा मधातून खराब होऊन राहिला. मी विचारलं, वेल्डिंगनं झालं का? म्हणे, उमर. दर महिन्याले डोळ्यात सुई. वनमाला, माझी बायको, सोबत येते, बाहेर बाकड्यावर बसते अन् मी बाहेर आलो का विचारत नाही, नुसता हात धरते. लग्नात धरला होता त्याच्यापेक्षा आता घट्ट धरते. डॉक्टर जवान आहे, गोड बोलते. "दादा, जो गया वो वापस नहीं आएगा. जो बचा है, उसको टिकाना है. रियलिस्टिक उम्मीद रखिए." मी म्हटलं, साहेब, आम्ही एकतीस वर्षं तेच करून राहिलो. त्याले समजलं नाही.

त्या फेब्रुवारीच्या दिवशी मी नेहमीच्या जागी उभा होतो, आंब्याच्या झाडाखाली. त्र्याऐंशी मिनिटं झाली होती. ड्रॉ झाला असता तर बीरगाव वर गेली असती. बॉल त्यांच्या डीमध्ये होता, हे मले लोकांच्या मानेवरून समजत होतं, सगळ्यांच्या माना तिकडं. मीही तिकडंच पाह्यलं अन् म्हणूनच गेलं सगळं. डाग. आवाज आला, टप्प, ओल्या कपड्यावर हात मारावा तसा. मग अर्धा श्वास कोणीच काही बोललं नाही. मग जे ओरडले लोक, का झाडावरचे कावळे उडून गेले. कोणीतरी मले उचललं. मीही ओरडलो. रडलो. रडणं खरं होतं. पण मी कशाले रडलो ते मले आजही नीट सांगता येत नाही. एकतीस वर्षं ज्याची वाट पाह्यली तो दरवाज्यातून आला अन् मी भिंतीकडं तोंड करून उभा होतो.

अन् जुनं सगळं दिसते, हे एक वेगळंच. चालता चालता दिसते, न बोलावता. चौऱ्याऐंशीची ती फायनल, चामड्याचा बॉल, पाणी पिऊन विटेसारखा जड झालेला, डोक्यानं मारला तर कपाळावर शिवणीचे टाके उमटत अन् आई रात्री हळद लावत शिव्या देई. हिरालाल आमचा कीपर. उंच, ताडासारखा, हात गुडघ्यापर्यंत. हातमोजे कोणाजवळ होते तेव्हा? मी वर्कशॉपातून वेल्डिंगचे जुने चामडी मोजे आणून दिले, कोपरापर्यंतचे, जळक्या वासाचे. ते घालून तो उभा राहिला का समोरचे पोट्टे हासत, "देखो, रोटी सेंकने आया है." अन् मग पेनल्टी अडवली का गप. त्याच्या मोज्याचा तो वास आजही मले येते, चामडं, ठिणगी, घाम. कीपरचं एक दुःख राहते, लोकांले माहीत नाही. आपली टीम जेव्हा गोल मारते तेव्हा तो शंभर गज दूर दुसऱ्या टोकाले उभा. त्याले नुसती धूळ दिसते अन् ओरडणं ऐकू येते. म्हणून प्रत्येक गोलनंतर मी पळत त्याच्याकडं जायचो अन् सांगायचो. पळता पळता, धापा टाकत. "अबे, शेखर येऊन राहिला होता डावीकडून, मी त्याले बॉल देऊन राहिलो, कीपर निघून राहिला..." अन् तो मोजे कमरेवर ठेवून ऐके. आमच्या सगळ्या टीमचे सगळे गोल हिरालालनं माझ्या तोंडातून पाह्यले. तीन वर्षांपूर्वी त्याच्या छातीत हवा मावेनाशी झाली, ऑक्सिजनची मशीन लागली, घराबाहेर निघणं बंद झालं, तेव्हा काही फार बदललं नाही. पहिले शंभर गज पळत जायचो, आता मॅच संपली का पुरानी बस्तीत जातो. घरी व्हिडिओ-फिडिओ तो पाहत नाही. म्हणते, मुंगळे दिसतात.

दार अंजनाबाईनं उघडलं, त्याची बायको. "या भाऊजी. सकाळपासून दोनदा विचारलं त्यांनी, नरहरी आला का म्हणून." आत मशीन चालू होती, घर्रर्र अन् मग फुस्स, घर्रर्र अन् मग फुस्स. कूलरचा वाळा ओला, त्याचा वास. खाट खिडकीपाशी. खाटेवर मधात डाग, अन् डागातून आवाज आला, "ये बे. किती वेळ लावला, कासव हो."

"आकडा सांग," मी स्टूलवर बसत म्हटलं. "उद्या बोल आहे. देवदत्त आठवा म्हणून राहिला. सगळे आठवाच बोलतील असं वाटते."

"पहिले गोल सांग."

"किती वेळा ऐकशील बे?"

"सांग."

सांगितला. या वेळेस डाव्या पायानं सांगितला. गौतमनं बॉल घेतला, डाव्या पायावर आणला, मारला, कीपर उडला, बॉल गेला. मधात थांबलो, पण चहा नव्हता तर थांबणं उघडं पडलं. घर्रर्र, फुस्स. मग हिरालाल म्हणाला, "पाय बदलला तुझ्या गौतमनं."

"हव. पोट्टीजवळ व्हिडिओ आहे, तिनं सांगितलं. डावा होता."

"मी पायाचं विचारून नाही राहिलो. तू पाह्यला का?"

"काय बोलून राहिला? मी तिथंच तर होतो."

"नरहरी, चाळीस वर्षांपासून तुझ्या मॅचा ऐकून राहिलो मी. पाहिलेली गोष्ट तू 'राहिला'नं सांगते. बॉल येऊन राहिला, शेखर पळून राहिला, माझी चड्डी सुटून राहिली. असं. हा गोल तू पहिल्या दिवसापासून 'घेतला, मारला, गेला' असा सांगते. पेपरात छापून आल्यासारखा. मले त्याच दिवशी समजलं. म्हटलं, मुतायले गेला असन लेकाचा त्या वेळेस, अन् आता लाजून राहिला सांगायले. म्हटलं, राहू दे. एकतीस वर्षांत एकदा गोल झाला अन् हा भिंतीपाशी उभा, कोणले सांगणार बिचारा." अन् तो हासला. हासला म्हणजे मशीनचा आवाज जरा तुटला.

माझ्याही तोंडावर हासू आलं होतं. हव म्हणालो असतो तर संपलं असतं. मुतायले गेलतो, असं म्हणायचं, दोघंही हासलो असतो, आकडा घेऊन घरी. अजूनही वाटते, काहून नाही म्हटलं तसं? पण मंजिरीचा तो शब्द होता ना, मुद्दाम. सकाळपासून कुसळासारखा टोचत होता.

"मुतायले नाही गेलो," मी म्हटलं. "समोरच उभा होतो. दिसलं नाही. डोळे गेले हिरालाल माझे. मधातले. कडेचं दिसते, मधातलं जाते. सुया चालू आहेत."

घर्रर्र, फुस्स. बाहेर कोणीतरी हातपंप चालवत होतं, तेही बंद झालं.

"कवापासून?"

"नवरात्रीपासून."

मले वाटलं तो आता डोळ्याचं विचारील. दुखते का, ऑपरेशन होते का, वनमालाले माहीत आहे का. लोक तेच विचारतात. त्यानं विचारलं, "राजनांदगावची मॅच?"

"ती नवरात्रीच्या आधीची. पाह्यली."

"महासमुंदची?"

"अर्धी."

"अर्धी म्हणजे काय बे?"

"अलीकडची बाजू दिसली. पलीकडची... लोकांनी सांगितली."

"अन् धमतरीवर तो हेडर? दोन बॅकच्या मधातून उडी मारून राहिला होता तो पोट्टा, कानाच्या मागून बॉल जाऊन राहिला होता? तो तर तू 'राहिला'नं सांगितला होता."

मी स्टूल जरा मागं सरकवलं.

"नरहरी."

"ऐकला होता. बाकी बनवला."

"बनवला!" तो उठून बसला असावा, खाट कुरकुरली, नळी कुठंतरी अडकली. "तो हेडर मी किती रात्री पाह्यला माहीत आहे तुले? झोप येत नाही मले. आडवं झालं का हवा पुरत नाही, बसून राहतो. बसून काय करू? तुझ्या मॅचा लावतो डोक्यात. या खाटेवर मी दोनच कामं करून राहिलो तीन वर्षांपासून. हवा ओढतो अन् तुझ्या मॅचा पाहतो. त्यातलं एक खोटं निघालं!"

"भाऊजी, तुम्ही दोघंही चिल्लावू नका," आतून अंजनाबाई ओरडली. "मले मशीन ऐकू येऊन नाही राहिली." ती स्वयंपाक करतानाही एक कान त्या आवाजावर ठेवते.

मले त्याचा राग येत होता. वाटलं, याले काय झालं, याले तर गोल भेटले, चांगले भेटले, खऱ्यापेक्षा चांगले. माझं गेलं ते काय? तो मैदानाचं कधी विचारत नाही, मी तिथं उभा राहून काय करतो ते विचारत नाही. लोक ओरडले का मीही ओरडतो, अर्धा श्वास उशिरा. लोक हळहळले का मी हळहळतो. बाजूच्याच्या अंगावरून मॅच पाहतो मी. सप्टेंबरपासून भिलाईची टीम येईन, बिलासपूरची येईन, ज्या टीमा एकतीस वर्षं फक्त पेपरात होत्या त्या आमच्या आंब्याच्या झाडासमोर खेळतील, अन् मी त्या ऐकीन. अन् मग हे सगळं घेऊन इथं येईन अन् या माणसासमोर पसरीन, अन् आता तो प्रत्येक बॉलले विचारील, पाह्यला का ऐकला? ते नको होतं मले. ते एकच नको होतं.

मग तो बोलला. आवाज खाली गेला होता. "मी दिसतो का तुले?"

"दिसते ना. खाट, नळी, चादर हिरवी आहे."

"मी, मी. तोंड."

"समोर पाह्यलं तर नाही."

"मग कसं पाह्यलं तर?"

दवाखान्यात एक पोट्टी आहे, तिनं शिकवलं होतं मले. जे पाहायचं त्याच्याकडं पाहायचं नाही, बाजूले पाहायचं. दादा, मेरे कान को देखो, तो मेरी नाक दिखेगी. घरी मी करून पाह्यलं नव्हतं कधी. लाज वाटे, वनमालाशी बोलताना भिंतीकडं पाहायचं म्हणजे काय. हिरालालले हे सांगितलं तर म्हणाला, "पाह्य मग. अन् सांग, मी कसा दिसून राहिलो. अंजना सांगत नाही. रोज म्हणते, कालच्यापेक्षा बरे. आरसा तिनं उचलून कुठं ठेवला कोण जाणे. तू सांग. बनवू नको. एक शब्द बनवला तर परत येऊ नको इथं."

मी खिडकीकडं पाह्यलं. खिडकीच्या दुसऱ्या गजावर नजर ठेवली, जिथं गंज चढला आहे, अन् तिथून हलवली नाही. हळूहळू, डागाच्या अलीकडं, कडेले, तो आला. पहिले मले वाटलं दुसराच कोणी आहे. तीन वर्षं मी इथं येतो, पण गेल्या सात महिन्यांत मी ज्याले पाहत होतो तो तर ताडासारखा कीपर होता, आवाजावरून मीच उभा केलेला. त्याले मी खाटेवर बसवला होता, बस. हा माणूस मी पाह्यला नव्हता.

"सांगून राहिला का नाही?"

"सांगतो. गाल आत जाऊन राहिले तुझे. दोन्हीकडून. दात नसल्यासारखे. नाकाखाली नळीनं लाल खाच पडून राहिली. गळ्यापाशी, श्वास घेतला का इथं खड्डा होऊन राहिला, मूठभर. खांदे... खांदे वर चढून राहिले कानापर्यंत, जसं कोणी मागून बॉल मारील म्हणून तू थांबून आहे. केस आहेत. पांढरे आहेत, पण आहेत. हात मांडीवर आहेत. बोटं वाकडी, तीच, पेनल्टीवाली. बाकी हात नाही राहिले रे. नुसत्या काड्या."

त्यानं डोळे मिटले होते. मॅच ऐकताना तो नेहमी मिटत असन, मले काय माहीत. पण तेव्हा दिसलं का त्यानं मिटले. मी पुढंही सांगत गेलो, बनियन कसं लोंबून राहिलं, पाय सुजून राहिले, नखं निळी पडून राहिली. थांबलो नाही. थांबलो असतो तर पुढं काही बनवलं असतं मी, माझी मले खात्री आहे.

"इतका?" तो म्हणाला.

"हव."

"हम्म." घर्रर्र, फुस्स. "चला. काही तरी खरं समजलं कोणापासून." मग त्यानं मान मागं टेकली. मले वाटलं झोपला. मी खिडकीच्या गजावरून नजर काढली नाही.

"आकडा," मी म्हटलं. "आठवा बोलू का तुझा?"

"आठवा-नववा तुमचं तुम्ही पाहा. लीग कवा सुरू होते?"

"पाऊसपाणी संपल्यावर. सप्टेंबर. पहिली मॅच घरी आहे, भिलाईवर."

"धुतील."

"धुतील. पद्मिनी म्हणते, पाचच्या आत ठेवा."

"मग माझा बोल लाव, पहिली मॅच."

"जिंकायची?"

"जिंका का हारा, पाच खा का सात खा. मले ती ऐकायची आहे. जेवढी दिसली तेवढीच सांगजो, दहा मिनिटं दिसली तर दहा मिनिटं. बाकीच्यात चूप बसजो. मले चालते चूप. पण पहिली मॅच." तो श्वास घ्यायले थांबला. "हा खरा आकडा आहे बे. उद्या सगळ्यांसमोर तसाच बोलजो, देवदत्त हासला तर हासू दे."

मे, जून, जुलै, ऑगस्ट. मी मांडीवर बोटं टेकवून राहिलो होतो, मले समजलंही नाही.

"मोजू नको," तो म्हणाला.

"मोजून नाही राहिलो."

"खोटं. मले दिसून राहिलं."

अंजनाबाई चहा घेऊन आली. एक कप माझ्या हातात दिला, दुसरा त्याच्या ओठाले लावला. मी तोंड खिडकीकडंच ठेवलं, नजर गजावर, अन् तो फुंकून फुंकून, घोटाघोटाले थांबत चहा प्यायला ते सगळं कडेनं पाहत बसलो. अंजनाबाई एकदा त्याच्याकडं पाहे, एकदा माझ्याकडं. शेवटी म्हणाली, "आता पुरे करा भाऊजी. इतकं काय भांडण झालं का तुम्ही त्यांच्याकडं पाहतही नाही?"